कोळसा खाणीवरची जमीन कुठपर्यंत खचते: खचाव-मर्यादेचा अंदाज

खचाव-मर्यादा म्हणजे जमिनीखालचा कोळसा काढल्यावर वरची जमीन जिथपर्यंत खाली बसते ती रेषा. खाण संपते तिथेच वरचं खचणंही संपतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं. खाणीचं छत खाली आलं की वरचे थर एकामागोमाग वाकत जातात आणि तो वाक वर येताना बाहेरच्या बाजूला पसरतो, म्हणून जमिनीवर तयार होणारी खोलगट बशी खालच्या पॅनलपेक्षा, म्हणजे कोळसा काढलेल्या पट्ट्यापेक्षा, मोठी असते.

किती मोठी, ते अँगल ऑफ ड्रॉवरून काढतात. पॅनलच्या कडेवरून एक उभी रेघ वर न्यायची, दुसरी त्याच कडेपासून जिथे खचणं थांबतं तिथपर्यंत, दोघींमधला कोन तो हाच. मग खोली गुणिले त्या कोनाचा टॅन केलं की अंतर मिळतं. ब्रिटनच्या नॅशनल कोल बोर्डाने भरपूर मोजमापं घेऊन ३५ अंश धरला, म्हणजे खोलीच्या ०.७ पट, आणि ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २६.५ अंश धरतात, म्हणजे खोलीच्या निम्मं. पॅनल १५० मीटर खोल असेल तर एका हिशोबाने १०५ मीटर, दुसऱ्याने ७५. मधले ३० मीटर म्हणजे ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीचं अख्खं आवार, ते आत की बाहेर हे नुसत्या कोनावर ठरतं!

म्हणून दुसऱ्या देशाचा कोन उचलून आपल्याकडे लावणं मला तरी धोक्याचं वाटतं. वर जाड, कडक वालुकाश्म असेल तर तो पुलासारखा तोलून धरतो, मऊ थर लगेच वाकतात, आणि सीम, म्हणजे कोळशाचा थर, तिरकी असेल तर उताराच्या बाजूला बशी जास्त लांब जाते. शिवाय शून्य कशाला म्हणायचं हाही प्रश्न आहेच. न्यू साउथ वेल्समध्ये २० मिलिमीटरपेक्षा कमी खचणं मर्यादेत धरत नाहीत, कारण पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी माती तेवढी तर आपली आपणच हलते. विदर्भातल्या काळ्या मातीत राहिलेल्यांना हे सांगायला नको.

नुकसान सगळीकडे सारखं नसतं. मोठ्या पॅनलच्या बरोबर मध्यावरचं घर बऱ्याचदा सरळ खाली जातं, भेगा पडतात त्या कडेजवळच्या घरांना कारण तिथे जमीन ताणली जाते. ब्रिटिश अनुभवानुसार पॅनलची रुंदी खोलीच्या १.४ पट झाली की मध्यावरचं खचणं जास्तीत जास्त होतं, आणि पोकळी वाळूने वगैरे भरली नसेल तर सीमच्या जाडीच्या ९० टक्क्यांपर्यंतही जमीन खाली येऊ शकते.

ऐरोली-घणसोलीला नोकरीसाठी आलेल्या ज्या मंडळींची घरं चंद्रपूरकडे आहेत त्यांना मात्र वेगळीच भीती असते, आणि ती खरी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसला एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. जुन्या, उथळ खाणीत छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडून बाकीचा कोळसा काढलेला असतो, वर्षानुवर्षांनी छत ढासळत ढासळत वर येतं आणि एकदम खड्डा पडतो. तिथे बशी नाही, कोन नाही, वरचा सगळा हिशोब अशा ठिकाणी चालत नाही, तिथे जुने खाणनकाशे आणि खालची पोकळी शोधायला घेतलेले बोअरच हवेत.

ठाणे-नवी मुंबईखाली कोळसा नाही, बेसॉल्ट आहे. पण बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर खाडीखालून, सुरू झाला तेव्हा घणसोलीच्या बाजूला आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हाच प्रश्न विचारला की खचलं तर कुठपर्यंत? गंमत म्हणजे गणित जवळचंच आहे, पोलंडच्या क्नोथे या संशोधकाने १९५० च्या दशकात खाणींसाठी घंटेच्या आकाराचा वक्र वापरला आणि अमेरिकेतल्या पेक या अभियंत्याने १९६९ मध्ये बोगद्यांसाठी तसाच. फरक एवढाच, पण फार मोठा, की खाणीत छत पडू देतात आणि बोगद्याला लगेच आधार देतात.

शेवटी अंदाज तपासायचा तर खुंट्या ठोकून लेव्हल घ्यावी लागते, म्हणजे त्यांची उंची मोजावी लागते, आता सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहांच्या रडारचीही मदत होते. खुंट्यांची ओळ अंदाजाच्या रेषेच्या बरीच बाहेरपर्यंत न्यायला हवी आणि पहिली लेव्हल कोळसा काढायच्या आधीच घेतलेली हवी, नाहीतर शेजारच्या घराची भेग खाणीमुळे की मातीमुळे हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.