कडीवाला ख्रिस्त: नाणं की पदक?

जळगावच्या सराफ बाजारात पुतळ्यांची, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची, जुनी माळ मोडीत निघाली, तर वितळवण्याआधी एक पुतळी भिंगाखाली धरावी. एका अंगाला उभा संत, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला माणूस, मधे निशाणाची काठी. दुसऱ्या अंगाला दोन्ही टोकांना निमुळत्या लंबगोल चौकटीत, ताऱ्यांच्या मधोमध उभा ख्रिस्त. घरोघरी त्यांना बाहुल्या समजत आले, पण मूळ छाप व्हेनिसच्या सोन्याच्या डुकॅटचा आहे. हे नाणं 1284 साली सुरू झालं आणि 1797 मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत चाललं. उभा आहे तो संत मार्क, गुडघ्यावर आहे तो तिथला सत्ताधीश, म्हणजे डोज.

दुसरी वस्तू कॅथलिक पदक. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात ते जुन्या सामानात निघतं. बहुधा अंडाकृती, वर मरिया, पायाखाली साप, हातांतून किरण. मागे क्रूस, त्याला गुंफलेलं एम अक्षर, दोन हृदयं आणि बारा तारे. तारे दोन्हींवर, रोमन अक्षरं दोन्हींवर, कडी दोन्हींना. म्हणून दोन्ही ‘परदेशी नाणी’ म्हणून एकाच डबीत पडतात.

‘प्रार्थना कोरलेली असली की पदक’ हा आडाखा इथे फसतो. डुकॅटवरही ख्रिस्ताला उद्देशून ओळ आहे: ज्यावर तू राज्य करतोस ते हे राज्य तुलाच अर्पण. ‘किंमत लिहिलेली नाही म्हणजे नाणं नाही’ हेही चालत नाही, कारण डुकॅटवर किंमत नसतेच. नाणं ठरतं ते सत्ताधीशाच्या नावाने आणि ठरलेल्या वजनाने. अस्सल डुकॅट साधारण साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं, व्यास 20-21 मिलिमीटर. काठीलगत उभी डीव्हीएक्स ही अक्षरं आणि कडेने डोजचं नाव वाचता आलं पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक पुतळ्या या नकला आहेत. कारागिराला लिपी येत नव्हती, त्यामुळे अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. दागिना म्हणून त्या खऱ्या, नाणं म्हणून नाहीत.

आता कडी. पदकाचा कान बहुधा अंगाबरोबरच ठोकलेला असतो. सांधा दिसत नाही, फार तर त्यातून वेगळी कडी ओवलेली. नाण्याला कडी मागाहून डाख लावून बसवतात: सांध्याशी डाखेचा ओघळ, जवळची अक्षरं बुजलेली, रंग किंचित वेगळा. असं नाणं काट्यावर जास्त भरतं, म्हणून कडीसकट वजन ग्राह्य धरू नये. कडी कानशीने उडवून, पॉलिश मारून विकलेलं नाणं ओळखायचं तर कड पूर्ण फिरवून पाहा. एका ठिकाणी सपाट चट्टा सापडतो.

चांदीचं म्हणून आलेलं पदक पाण्यात तोला. दोऱ्याने टांगून, भांड्याला न टेकवता, 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. 5 ग्रॅमचं पदक चांदीचं असेल तर पाण्यात सुमारे 0.48 ग्रॅम घटतं, जर्मन सिल्व्हरचं (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, यात चांदी नसते) असेल तर 0.57 च्या आसपास. पृष्ठभागावर बुडबुडा चिकटला की हिशेब चुकतो.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते सालावर. मरियेच्या पदकावरचं 1830 हे मरियेने पॅरिसमध्ये दर्शन दिलं असं मानतात ते साल. पहिली पदकं 1832 मध्ये निघाली आणि त्याच सालासकट आजही निघतात. संत बेनेडिक्टच्या पदकावरचं 1880 तसंच, ते जयंती वर्षाचं. तळाशी ‘इटली’ असलं तर तो देशाच्या चलनाचा शिक्का नव्हे, पदक बनवल्याचं ठिकाण. पोपचा चेहरा मात्र खऱ्या नाण्यावर असू शकतो: व्हॅटिकनच्या युरोपूर्वीच्या नाण्यांवर राज्याचं नाव आणि लिरा या जुन्या चलनातली किंमत दोन्ही सापडतात.

आणि 2005 ते 2007 सालांचं क्रूस दिसणारं आपलं दोन रुपयांचं नाणं? त्यावर त्या वेळी वाद झाला, पण सरकारी खुलाशाप्रमाणे ती ‘विविधतेत एकता’ची खूण. ‘दुर्मिळ ख्रिस्ती नाणं’ म्हणून कोणी शेकडो रुपये मागितले तर देऊ नयेत. ते ढिगाने निघालेलं आहे. ख्रिस्ती विषयाचंच हवं असेल तर मदर तेरेसांचं 2010 चं पाच रुपयांचं घ्यावं.

चिंच, लिंबू, राख यांपैकी काहीही कशालाही लावू नका. पदकाचा कानही कापू नका, त्याने ते नाणं होत नाही, मोडकं पदक होतं.