बांधावरून न दिसणारं पीक: ड्रोनच्या फोटोंची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात शेतातला ड्रोन म्हटलं की आज फवारणीचा ड्रोनच डोळ्यांसमोर येतो. खाली टाकी, वर पंखे आणि उभ्या उसावर औषधाचा फवारा. पिकाचे वरून फोटो काढायचे आणि त्यावरून खत, पाणी, औषध कुठे द्यायचं ते ठरवायचं, हे ड्रोनचं दुसरं काम आपल्याकडे मागे राहिलंय. शेतकऱ्याच्या हातात जादा पैसा पडेल तो या दुसऱ्या कामातून, असं मला ठामपणे वाटतं.

पीक बघून अंदाज बांधण्याची आपली जुनी रीत म्हणजे आणेवारी, पुढे तिची पैसेवारी झाली. नजरअंदाज, मग पीक कापणी प्रयोग, आणि 50 पैशांच्या आत, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या निम्म्याखाली, आकडा आला की टंचाईची चर्चा. पण पैसेवारी निघते ती गावाची. एकाच शिवारात नदीकाठची भारी काळी जमीन असते आणि वर मुरमाड माळही असतो. जमिनीतल्या ओलीवर रब्बी ज्वारी कशी तगवायची, याचा अभ्यास सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात 1933 पासून सुरू आहे. जमिनीची खोली बदलली की पीक बदलतं, हे इथल्या माणसाला कुणी सांगायला नको. कुठे नेमकं किती बदलतं, ते मात्र बांधावर उभं राहून दिसत नाही.

वरून बघण्याची भारतातली सुरुवात झाली केरळात, नारळाच्या बागांवर. 1970 च्या सुमाराला शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर फोटो काढले गेले आणि रोगट माड ओळखता आले. त्यामागचं तत्त्व साधं आहे. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. झाड ताणात गेलं की हे गणित बिघडतं, बऱ्याचदा पान पिवळं दिसण्याआधीच. या दोन प्रकाशांच्या तुलनेवरून पिकाचा जोम मोजायची पद्धत 1970 च्या दशकात लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवर बसवली गेली. एनडीव्हीआय म्हणतात तो निर्देशांक हाच.

अडचण होती चित्राच्या बारकाव्याची. 1988 मध्ये सुटलेल्या आपल्या आयआरएस-1ए उपग्रहाच्या एका कॅमेऱ्यात चित्राचा एक ठिपका 72.5 मीटरचा होता, म्हणजे सव्वा एकराहून जास्त जमीन एका रंगात. 2015 पासून युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट मिळू लागली. त्यांचा ठिपका 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. आता 15 बाय 10 फुटांवर लावलेली डाळिंबाची बाग घ्या. गुंठ्यात सात झाडं बसतात. त्यातलं एक मरायला टेकलं असलं तरी उपग्रह सातांची सरासरीच दाखवणार, आणि ढग असले तर तीही नाही. ड्रोन ढगांच्या खालून उडतो आणि प्रत्येक झाड सुटं दाखवतो.

सांगोल्याच्या डाळिंब पट्ट्यात हा फरक किती मोलाचा आहे, ते मर रोगाने बाग गेलेल्यांना विचारा. मर एका झाडावर थांबत नाही, मुळांवाटे शेजारच्या झाडांना धरते. म्हणून रोगट झाडाबरोबर भोवतालच्या निरोगी दिसणाऱ्या झाडांनाही आळवणी करायची, म्हणजे मुळांशी औषधाचं पाणी ओतायची, शिफारस असते. कोपऱ्यातलं एक झाड आठवडाभर आधी सापडलं तर आळवणी मोजक्या झाडांवर भागते. उशीर झाला की अख्खी ओळ जाते. सोलापुरात 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यामुळे सल्ल्याची वानवा नाही. वेळेवर झाड सापडणं, तिथेच गाडी अडते. अर्थात ड्रोनचा फोटो रोगाचं नाव सांगत नाही. मर आहे, खोडाला भुंगेरा लागलाय की ठिबकची नळी तुंबलीय, हे त्या झाडापाशी जाऊन, खोड तपासूनच कळतं. पण हजार झाडांतल्या कोणत्या दहांपाशी जायचं, एवढं कळलं तरी मजुरी आणि औषध दोन्ही वाचतं.

मग फवारणीच पुढे का गेली? एक तर शेतीतला मानवरहित यंत्रांचा पायंडाच तसा आहे. जपानमध्ये यामाहाने 1987 मध्ये भातावर फवारणीसाठी छोटं हेलिकॉप्टर बाजारात आणलं. भारतात ऑक्टोबर 2014 मध्ये खाजगी ड्रोन उडवण्यावर बंदी आली. डिसेंबर 2018 मध्ये नियमांसह वाट खुली झाली, आणि ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी ती खरी मोकळी केली. मधल्या काळात स्वामित्व योजनेत गावठाणं मोजायला आलेला ड्रोन गावोगाव लोकांनी पाहिला. मग 2022 च्या अर्थसंकल्पात किसान ड्रोन आला. 2023 मध्ये 15,000 बचत गटांसाठी नमो ड्रोन दीदी योजना मंजूर झाली, 80 टक्के आणि कमाल 8 लाखांच्या अनुदानासह. या योजनेचा भर भाड्याने फवारणी करून देण्यावर आहे. फवारणीला एकरी दर लावता येतो, काम डोळ्यांदेखत होतं. फोटोचा फायदा न झालेल्या खर्चात असतो, आणि वाचलेल्या पैशाची पावती कुणी देत नाही.

जिरायती ज्वारीला मात्र ड्रोन फारसा उपयोगी पडेल असं मला वाटत नाही. ओल संपली हे फोटोत दिसलं तरी द्यायला पाणी नसेल तर करणार काय? डाळिंब, द्राक्ष, ठिबकवरचा ऊस, जिथे एकरी खर्च मोठा आणि चूक महाग, तिथे आधी हे यायला हवं. तेही एकट्या शेतकऱ्याने कॅमेरा विकत घेऊन नव्हे, तर शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या शेतकरी कंपनीने बहार (फुलोरा) धरल्यापासून ठरावीक दिवसांनी सगळ्या सभासदांच्या बागांवरून एकच फेरी मारून.