तासाला एक ठोका

पाळी महिन्याने येते, म्हणजे तिचं घड्याळही महिन्याचंच असणार, असं आपण धरून चालतो. मेंदूतलं घड्याळ मात्र तासा-दीड तासाचं आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. तिथल्या जेमतेम एक-दोन हजार चेतापेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडतात. ते रक्तात काही मिनिटंच टिकतं, पण लगतच्या पियुषिका ग्रंथीपर्यंत पोचायला तेवढा वेळ पुरतो. मग पियुषिका एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते आणि त्यांच्या हुकमावर बाईची अंडाशयं किंवा पुरुषाची वृषणं कामाला लागतात. शाळेच्या पुस्तकात हे सगळं बाणांनी दाखवलेलं असतं. बाणांत ठोका दिसत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

जीएनआरएच म्हणजे अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. ती रचना १९७१ मध्ये उलगडली. त्यासाठी संशोधक अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या, तर त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी रोजे गिलमँ यांनी मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसचे ढीग कत्तलखान्यांतून जमवले होते. १९७७ च्या नोबेलमध्ये दोघांनाही वाटा मिळाला. आता हेच संप्रेरक भरपूर दिलं की मूल न होणाऱ्यांचा प्रश्न सुटेल, अशी आशा होती. झालं उलटंच.

का, ते पिट्सबर्गमधल्या अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने दाखवलं. ज्यांच्या मेंदूतला हा ठोका बंद पाडला होता अशा माकडिणींना त्यांनी जीएनआरएच बाहेरून दिलं. दर तासाला सहा मिनिटं दिलं, तेव्हा एलएच आणि एफएसएच पूर्ववत झाली. तेच औषध अखंड सुरू ठेवलं, तर दोन्ही घसरत गेली. पुन्हा तासाचा ठेका धरला, पुन्हा चढली. १९७८ चा हा प्रयोग मला या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो. कारणही सरळ आहे: मारा थांबलाच नाही तर पियुषिकेच्या पेशी जीएनआरएच ओळखणारी ग्राही प्रथिनं आत ओढून घेतात आणि त्या संदेशाला दाद देईनाशा होतात.

मग महिना मोजतं कोण? अंडाशय. तासाचा ठोका अजिबात न बदलताही अशाच प्रकारे जीएनआरएच दिलेल्या, अंडाशयं शाबूत असलेल्या माकडिणींना बीजोत्सर्गासकट नियमित पाळी येऊ लागली. वाढत्या बीजपुटीतून, म्हणजे अंडाशयातल्या बीज वाढवणाऱ्या पिशवीतून, इस्ट्रोजेन झरतं. एरवी ते एलएचला दाबून धरतं, पण त्याची पातळी चढून दीड-दोन दिवस चढलेलीच राहिली की तेच इस्ट्रोजेन एलएचची लाट उसळवतं. त्यानंतर साधारण ३६ तासांत बीज बाहेर पडतं.

अखंड माऱ्याने सगळं बंद पडतं, हा फसलेला उपाय डॉक्टरांनी मात्र चांगलाच वापरला. ल्युप्रोलाइडसारखी औषधं जीएनआरएचचीच टिकाऊ भावंडं आहेत. आधी थोडे दिवस संप्रेरकं उसळतात, मग काही आठवड्यांत पार खाली येतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन थांबवायला, आठ वर्षांच्या आतच वयात येऊ लागलेल्या मुलीची घाई रोखायला आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीज अवेळी सुटू नये म्हणूनही ती देतात.

ठोका मंदावतो तो औषधांशिवायही. वजन फार घटलं, खेळाडूने खाणं तोडून व्यायाम वाढवला, की पाळी थांबते ती बहुधा इथेच. बाळ अंगावर पित असतानाही तेच होतं. त्यावर विसंबून दिवस जाणार नाहीत असं मानणाऱ्यांसाठी अटी कडक आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, दिवसरात्र फक्त अंगावरचंच पिणारं हवं आणि पाळी परतलेली नसावी. यातली एक जरी अट मोडली तरी दुसरं साधन लागतं, कारण बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पहिल्या पाळीच्या आधीही सुटू शकतं.