अंतरा, तांबी आणि उसाचा हंगाम : पार्श्वभूमी

'अंतरा' हे हार्मोनचं गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत २०१७ मध्ये मोफत मिळू लागलं. ज्या पहिल्या दहा राज्यांत ते आलं, त्यांत महाराष्ट्र होता. दर तीन महिन्यांनी एक सुई, १५० मिलिग्रॅमची. टोचलेली जागा चोळायची नाही आणि शेकायची नाही, असं उपकेंद्रातली सिस्टर बजावून सांगते. चोळलं तर औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही. मग हातात एक कार्ड येतं, त्यावर पुढच्या डोसची तारीख. मराठवाड्यात घोडं पेंड खातं ते या तारखेपाशी. पण हे औषध सरकारी यादीत शिरायलाच तीसेक वर्षं लागली, ती हकिकत आधी.

१९८० च्या दशकात देशात दुसऱ्याच एका इंजेक्शनच्या चाचण्या चालू होत्या. त्याचं नाव नेट-एन, मुदत दोन महिने. उमरग्याहून हैदराबादला जाताना पटनचेरू लागतं. तिथल्या आरोग्य केंद्रात ते खेड्यातल्या बायकांना टोचलं जात होतं आणि ही चाचणी आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता. शहरातल्या महिला कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन विचारपूस केली, तेव्हा हा प्रकार उघडकीला आला. १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ते निकालात निघालं २००० मध्ये, सरकारने हे इंजेक्शन सरसकट कार्यक्रमात आणणार नाही असं सांगितल्यावर. मधल्या काळात, १९९३ मध्ये, आजच्या अंतरातलं औषध म्हणजे डीएमपीए खासगी बाजारात विकायला परवानगी मिळाली. त्याविरुद्धही याचिका झाली. १९९५ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ सल्लागार मंडळाने मत दिलं, की कुटुंब नियोजनाच्या सरकारी कार्यक्रमात हे घेऊ नये. म्हणजे पैसे मोजणारीला ते मिळत होतं आणि सरकारी दवाखान्यात येणारीला मिळत नव्हतं.

२०१५ मध्ये हेच धोरण उलटं फिरलं, इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात घ्यायचं ठरलं. औषधाच्या रेणूत तर काही फरक पडलेला नव्हता. आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, छत्तीसगडच्या बिलासपूरला नसबंदी शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या किमान १३ बायका दगावल्या होत्या. एका डॉक्टरने काही तासांत ८३ शस्त्रक्रिया उरकल्या होत्या. त्यानंतर 'ऑपरेशनशिवाय दुसरं काय देता?' हा प्रश्न सरकारला टाळता येईना. इंजेक्शनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता: दोन मुलांत अंतर ठेवायला बाईला आणखी एक साधन मिळेल, तेही घरात कुणाला न कळता. विरोधकांचं म्हणणं असं, की ज्या उपकेंद्रात बीपीचं यंत्र धड चालत नाही, तिथे तपासणी आणि पाठपुरावा कोण करणार? शिवाय तांबी (कॉपर-टी) काढून टाकता येते, गोळी बंद करता येते. एकदा टोचलेलं इंजेक्शन मात्र तीन महिने अंगातच राहतं.

दोन्ही बाजूंनी कागदोपत्री सगळा जोर दिला तो हाडांवर आणि कर्करोगावर. हाडांचा मुद्दा खोटा नाही. या औषधाने हाडांची घनता कमी होते, अमेरिकेत २००४ पासून त्याबद्दल ठळक इशारा छापला जातो. औषध थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते. एचआयव्हीचा धोका वाढतो का, यावरही बरीच वर्षं वाद होता. चार आफ्रिकी देशांतल्या ७,८०० हून अधिक बायकांवरच्या अभ्यासाने २०१९ मध्ये त्याला फारसा आधार दिला नाही. २०२४ मध्ये फ्रान्समधून वेगळी माहिती आली: वर्षाहून जास्त काळ हे इंजेक्शन घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणावरच्या गाठीचं प्रमाण जास्त आढळलं. मुळात हा आजार क्वचित होणारा, पण नोंद घ्यायलाच हवी.

या सगळ्या चर्चेत रक्तस्रावाला 'किरकोळ दुष्परिणाम' म्हणून एका ओळीत उरकलं गेलं, आणि माझ्या मते २०१५ च्या निर्णयाची मोठी चूक इथे आहे. पहिले काही महिने पाळीचा नेम राहत नाही. मधेच डाग पडतात, कुणाला पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातं. नंतर उलटं होतं. वर्षभर इंजेक्शन घेतलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ५५ जणींची पाळी थांबते, दोन वर्षांनी ६८ जणींची. वैद्यकशास्त्राच्या हिशोबाने त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर टाकायला काही नसतं. हे वाक्य समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं मिळाली नाहीत, तर 'रक्त आत साठतं, त्याची गाठ होते' ही शेजारणीची समजूत पुरेशी असते. इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसनंतर सात ते दहा महिने लागू शकतात. हेही आधी सांगितलेलं नसेल, तर सासूच्या तोंडी 'सुईने सुनेची कूस बिघडवली' हेच येणार.

आता बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा या पट्ट्यात हे साधन ठेवून बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे मजुरी आगाऊ घेतलेली, आणि खाडा झाला की मुकादम दंड कापतो. राहायच्या कोपीला, म्हणजे खोपटाला, ना न्हाणी ना संडास. तिथे पंधरा दिवस डाग पडत राहिले तर ती गोष्ट 'किरकोळ' नसते, थेट मजुरीवर येते. आणि ती तारीख! दसऱ्याला घेतलेल्या डोसची पुढची तारीख जानेवारीत येते, उशिराची चार आठवड्यांची सवलत धरली तर फेब्रुवारीत. तेव्हा बाई फडावर असते. तिथल्या सरकारी केंद्रात डोस घ्यायला नियमाची आडकाठी नाही, पण पहाटे फडात शिरून रात्री गाडी भरणारीने ते केंद्र गाठायचं कधी?

बीडमधल्या गर्भपिशव्यांचं प्रकरण याच जमिनीवर उभं राहिलं. २०१९ मध्ये राज्याने नेमलेल्या समितीपुढे आकडे आले: तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्याचा दोष गर्भनिरोधकांवर टाकायला काही आधार नाही. खासगी दवाखान्यात 'पिशवी खराब आहे' असं सांगून झालेल्या शस्त्रक्रिया हा वेगळा विषय आहे. मात्र पाळीची कटकट आणि बुडणारी मजुरी यांचं गणित इथल्या बायका किती टोकाला जाऊन सोडवतात, ते त्यातून दिसलं. दोनच वर्षं आधी पाळी विस्कटणारं इंजेक्शन याच जिल्ह्यात आलं होतं, आणि या दोन गोष्टी एकत्र ठेवून कुणी पाहिल्या नाहीत.

मग बिनहार्मोनचं घ्यावं, असं सांगितलं जातं. तांबीत हार्मोन नाही हे खरं. २००२ पासून मिळणारी ३८०-ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, २०१२ मध्ये आलेली ३७५ पाच वर्षं. पण तांबीने पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, पोटात कळा येतात, आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त आधीच कमी. १९६५ च्या प्लास्टिकच्या लूपचं नाव याच रक्तस्रावाने खराब झालं होतं. जुन्या बायका अजून तांबीलाही 'लूप' म्हणतात आणि त्याच धास्तीने नको म्हणतात. गंमत अशी, की हार्मोनची माला-एन गोळी घेतल्यावर रक्त उलट कमी जातं, वर पाकिटात सात गोळ्या लोहाच्या. १९६० मधल्या पहिल्या गोळीत हार्मोनचा डोस आजच्या कितीतरी पट होता. आताच्या गोळीत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम आहे. तरीही बीपी असेल, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट असेल किंवा मूल सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल, तर ती चालत नाही.

लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली 'सहेली' गोळी १९९१ मध्ये बाजारात आली आणि २०१६ मध्ये 'छाया' या नावाने सरकारी यादीत गेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिच्यात हार्मोन नाही, पण ती इस्ट्रोजेनच्या कामातच हात घालते, आणि काही जणींची पाळी पुढे ढकलते. पाळी पुढे गेली की पुन्हा तीच धास्ती, या खेपेला दिवस गेल्याची.

राहता राहिली नसबंदी. देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के ऑपरेशनवर विसंबून आहेत, नवऱ्याने नसबंदी केलेल्या अवघ्या ०.३ टक्के. हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीतले आकडे. १९७६ मध्ये या राज्याने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, पण आणीबाणीची धास्ती पुरुषांच्या मनात घर करून राहिली. 'मोळी उचलवत नाही' ही सबब अजून ऐकू येते. बिनटाक्याच्या पद्धतीत दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम नाही, एवढंच पथ्य आहे. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यायची असते. दिवाळीआधी नसबंदी केलेल्या गड्याच्या तपासणीची तारीखही जानेवारीतच येते.