अ‍ॅडॅक्स की सिमिटर ओरिक्स? टेक्ससच्या रँचवरची दोन पांढरी हरणे

टेक्ससच्या खासगी रँचवर, म्हणजे कुंपणातल्या मोठ्या कुरणांवर, उन्हाळ्यात दुरून पाहिले तर अ‍ॅडॅक्स आणि सिमिटर ओरिक्स ही दोन्ही हरणे पांढरीच दिसतात. दोन्हींत नर-मादी दोघांनाही लांब शिंगे असतात आणि दोन्ही मूळची आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाची आणि त्याच्या दक्षिणेच्या साहेल पट्ट्याची. त्यामुळे शिकारीच्या जाहिरातींपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे त्यांची सरमिसळ होते.

आधी शिंगे पाहावीत. ओरिक्सची शिंगे विळ्याच्या पात्यासारखी एकाच बाकात मागे जातात आणि मीटरभर किंवा त्याहून लांब वाढतात. अ‍ॅडॅक्सची पिळदार असतात. मोठ्या जनावराला दीड ते तीन पीळ, लांबी साधारण 70 ते 85 सेंमी. पण पाडसांची शिंगे सरळच फुटतात, पीळ नंतर पडतो, म्हणून कोवळ्या जनावराच्या बाबतीत शिंगांवर विसंबू नये. मोठ्या ओरिक्सची मान आणि छाती तांबूस असते. अ‍ॅडॅक्सला तो रंग नसतो, मात्र कपाळावर गडद केसांचा झुबका आणि नाकावर ठळक पांढरी फुली असते. हिवाळ्यात त्याचे अंग राखाडी-तपकिरी होते. तेव्हाही फुली ओळखू येते.

अ‍ॅडॅक्सचे खूर रुंद आणि चपटे. मऊ वाळूत ते रुतत नाहीत, पण हे जनावर वेगाने पळणारे नव्हे, त्यामुळे गाड्यांतून पाठलाग करणाऱ्यांपुढे त्याचा टिकाव लागला नाही. ओरिक्स वाळूपेक्षा कडेच्या गवताळ पट्ट्यात रमतो आणि वजनाने बराच भारी असतो. अ‍ॅडॅक्सचा नर साधारण 100 ते 125 किलोंचा.

रँचवरची नेहमीची चूक म्हणजे नर समजून मादीवर गोळी झाडणे. शिंगांची लांबी इथे फसवते. बुंध्याची जाडी आणि मानेचा भरदारपणा पाहावा, आणि पोटाखालचे लिंगावरण दिसल्याशिवाय बंदूक उचलू नये. व्यायला झालेली मादी गेली की कळपाची एक वीणच जाते.

“जंगलातून नामशेष” हा शिक्का ओरिक्सवर 2000 साली बसला होता, अ‍ॅडॅक्सवर नाही. अबू धाबीत जमवलेल्या कळपातून 2016 पासून आफ्रिकेतल्या चाड देशातील वादी रिमे-वादी अशिम अभयारण्यात ओरिक्स सोडले गेले. तिथे ते विऊ लागले आणि 2023 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्यांना “संकटग्रस्त” या वर्गात आणले. अ‍ॅडॅक्स अजूनही “अतिसंकटग्रस्त” आहे. नायजरच्या तेर्मित भागात 2016 च्या पाहणीत अवघे 3 दिसले. एक्झॉटिक वाइल्डलाइफ असोसिएशन या रँचमालकांच्या संघटनेच्या 2010 च्या गणनेत मात्र अमेरिकेत 5,112 अ‍ॅडॅक्स आणि 11,032 ओरिक्स होते.

कायद्याने दोन्हींना एकाच मापाने मोजले. 2005 मध्ये अमेरिकेने दोघांना संकटग्रस्त यादीत घातले आणि बंदिवासात जन्मलेल्यांना परवान्यातून सूट दिली. न्यायालयाने ती अमान्य केल्यावर एप्रिल 2012 पासून शिकारीला संघीय परवाना लागू लागला. 2014 मध्ये अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, आदेशाने सूट परत आली. टेक्ससमध्ये अशा परदेशी जनावरांना ठरावीक हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. राज्याचा शिकार परवाना आणि जमीनमालकाची संमती एवढे लागते. दोन्ही जाती सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने शिंगे देशाबाहेर न्यायची तर त्याची कागदपत्रे वेगळी. आपला काळवीटही त्याच राज्यात कुंपणाआड पैसे मोजून मारला जातो. भारतात 1972 च्या कायद्याने त्याच्या शिकारीवर बंदी आहे.

शिकारीच्या पैशाने हे कळप वाढले, हे मान्यच करायला हवे. तो पैसा नसता तर रँचमालकांनी चारा-कुंपणाचा खर्च उचलला नसता. पण पाच हजार अ‍ॅडॅक्स म्हणजे पाच हजार वेगवेगळी घराणी नव्हेत. मूळ जनावरे थोडी, त्यामुळे सख्ख्या रक्तातली वीण हा खरा धोका. प्रत्येक पाडसाच्या कानात क्रमांक, आई-बापाची नोंद आणि काही वर्षांनी दुसऱ्या रँचवरून नर आणणे, एवढे जिथे होते तिथलेच जनावर पुढे नायजर किंवा चाडला पाठवण्याच्या कामाचे. नोंदीशिवायच्या कळपातून भिंतीवर टांगायची शिंगांची ट्रॉफी मिळेल, पैदाशीसाठी भरवशाचा नर मिळणार नाही.