कृत्रिम सांध्यातील पाण्याची तपासणी : रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

मुंबईत किंवा कोल्हापुरात गुडघा अथवा खुबा बदलून गावी परतलेल्या रुग्णाचा सांधा काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, पुन्हा दुखू लागला, तर त्यामागे जंतुसंसर्ग आहे की सांधा नुसता सैल झाला आहे, हे आधी ठरवावे लागते. कारण दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत. रक्तातील सीआरपी व ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी मापे) इतर आजारांतही वाढतात, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ सुईने सांध्यातील पाणी काढून आमच्या प्रयोगशाळेकडे पाठवतात.

या पाण्यातील पांढऱ्या पेशी आम्ही प्रथम मोजतो. एका मायक्रोलिटरमागे ३,००० हून अधिक पेशी आणि त्यांत ८० टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आढळल्यास संसर्गाचा दाट संशय घेतला जातो. नैसर्गिक सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर हा आकडा बहुधा ५०,००० च्याही पुढे जातो. त्यामुळे कृत्रिम सांध्याच्या अहवालातील चार-पाच हजारांचा आकडा पाहून ‘फारसे काही नाही’ अशी समजूत करून घेऊ नये. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र पेशी एरवीही वाढलेल्या असतात, म्हणून तेव्हाची मर्यादा १०,००० च्या आसपास धरतात.

ल्युकोसाइट एस्टरेजची (पांढऱ्या पेशींतील एका विकराची) तपासणी लघवीसाठी वापरतात त्याच पट्टीवर काही मिनिटांत होते, परंतु पाणी रक्ताने लाल झालेले असल्यास ते आधी सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) फिरवावे लागते. अल्फा-डिफेन्सिन हे जंतूंशी लढताना न्यूट्रोफिल सोडतात ते प्रथिन; ते तपासण्यासाठी नमुना घाटापलीकडे पाठवावा लागतो, आणि पावसाळ्यात त्याला उशीर होऊ शकतो. धातूचे कण झिरपलेल्या सांध्यात किंवा गाऊटमध्ये (युरिक ॲसिडच्या खड्यांमुळे होणाऱ्या सांधेदुखीत) अल्फा-डिफेन्सिनची तपासणी संसर्ग नसतानाही चुकून सकारात्मक येते, म्हणून केवळ तिच्यावर निदान ठरत नाही.

कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आम्ही १४ दिवस ठेवतो, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. मेडिकलमधून स्वतःहून घेतलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्यांनीही जंतू दडून राहू शकतात आणि कल्चर कोरे येऊ शकते; आमच्या अनुभवात सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. अशा गोळ्या घेतल्या असल्यास नमुना देण्यापूर्वी अवश्य सांगावे. चालू असलेली औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. प्रकृती बरी असल्यास डॉक्टर नमुन्यापूर्वी प्रतिजैविकांत सहसा दोन आठवड्यांचा खंड सुचवतात. पेशींचा अहवाल त्याच दिवशी मिळेल; तो नेताना शस्त्रक्रियेची जुनी फाइल सोबत आणावी.