सात इंच मातीखालचं नाणं

डाइम म्हणजे अमेरिकेतलं दहा सेंटचं नाणं. आपल्याकडच्या स्टीलच्या पंचवीस पैशांपेक्षाही किंचित लहान. १९६४ पर्यंतची तारीख असलेल्या डाइममध्ये ९० टक्के चांदी असे. १९६५ पासून चांदी गेली आणि तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचे थर आले. लोकांनी चांदीची नाणी ओळखून घरात जपून ठेवली आणि थोड्याच वर्षांत ती बाजारातून नाहीशी झाली. (आपल्या रुपयाचंही असंच झालं. १९४० मध्ये त्यातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला.) पण त्याआधी खिशातून गवतात पडलेली नाणी कोण गोळा करणार? ती तिथेच राहिली. म्हणून अमेरिकेतल्या जुन्या शहरांच्या बागांमध्ये आजही माणसं डिटेक्टर, म्हणजे धातू शोधणारं यंत्र, घेऊन हळूहळू चालताना दिसतात. ती जुन्या झाडांच्या सावलीत, बँडच्या चौथऱ्याभोवती, मुलं लोळत असतील अशा उतारांवर फिरतात. जिथे माणसं बसली, तिथे खिसे रिकामे झाले, हा त्यांचा साधा हिशेब.

हातातल्या यंत्राचं तत्त्व रेल्वे स्टेशनवरच्या किंवा मोठ्या देवळाच्या दारातल्या तपासणीच्या चौकटीचंच आहे. काठीच्या टोकाला ताटलीसारखं तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी वीज वाहते, त्यामुळे तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. वाटेत धातू आला, की त्याच्या अंगात विजेचे छोटे भोवरे उठतात. या भोवऱ्यांचंही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. ताटलीतलं दुसरं वेटोळं तेच ऐकायला बसलेलं असतं. दोन्ही वेटोळी अशी बेतून ठेवतात, की पहिल्याचा थेट आवाज दुसऱ्याला जवळजवळ ऐकूच येऊ नये. ही तोलाची रचनाच यंत्राचा प्राण आहे.

हा तोल वापरून माणसाच्या शरीरातली गोळी शोधण्याचा प्रयत्न टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने केला होता. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडण्यात आल्या. क्ष-किरण तेव्हा माहीत नव्हते. बेलने वेटोळ्यांना टेलिफोनचा श्रवणभाग जोडला, मांसाच्या तुकड्यात गोळी लपवून यंत्र तपासलं आणि ते घेऊन तो राष्ट्राध्यक्षांच्या खाटेपाशी गेला. गोळी सापडली नाही. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टर ब्लिस यांचा आग्रह होता, की उजवी बाजूच तपासायची. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. मला ही हकीकत वाचताना दरवेळी वाईट वाटतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं, त्याला चुकीच्या जागी प्रश्न विचारला होता.

आजचं यंत्र धातूचा प्रकारही सुचवतं. ते धातूचं उत्तर किती उशिरा आलं हे मोजतं. चांदी-तांब्याच्या जाड नाण्यात विजेचे भोवरे सावकाश विरतात, म्हणून उत्तर मागे पडतं. धातूच्या पातळ चकचकीत कागदात ते पटकन विझतात. लोखंड चुंबकाकडे ओढलं जातं, त्यामुळे त्याची खूण वेगळीच उमटते. मात्र यंत्र धातूचं नाव वाचत नाही. धातू वीज किती सहज वाहून नेतो, तो किती जाड आहे आणि किती मोठा आहे, या सगळ्यांचा एकत्रित परिणाम त्याला कळतो. गोची इथेच होते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या शीतपेयांच्या डब्यांना ओढून काढायची ॲल्युमिनियमची कडी असे. लोक ती तोडून गवतात टाकत. ॲल्युमिनियम वीज चांगली वाहून नेतो, पण कडी पातळ, म्हणून तिचं उत्तर सोन्याच्या अंगठीच्या उत्तराजवळ येऊन बसतं. ज्याला अंगठी हवी त्याने प्रत्येक कडी खणायची, दुसरा इलाज नाही. नवा आणि जुना डाइमही यंत्राला जवळजवळ सारखेच वाटतात, कारण नव्याच्या आत तांबंच आहे.

मग जुनं-नवं ओळखायला नाणं किती खोल आहे ते बघायचं. पण खोलीचं गणित फार कठोर आहे. वेटोळ्यापासून पुरेसं लांब गेल्यावर त्याचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. अंतर दुप्पट, तर क्षेत्र आठवा हिस्सा. नाण्याकडून परत येणारं उत्तरही तसंच घटतं, पुन्हा आठवा हिस्सा. आठ गुणिले आठ, म्हणजे दुप्पट खोलीवरचं नाणं चौसष्ट पटींनी क्षीण बोलतं. ताटलीच्या अगदी जवळ हा हिशेब इतका कडक नसतो, पण खाली जाऊ तसा तो खरा होत जातो. एका नाण्यासाठी पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आसपास बहुतेक यंत्रं थकतात ती यामुळेच. जास्त वीज ओतून फारसं साधत नाही. नाणं उभं रुतलेलं असेल तर त्याचं तोंड ताटलीकडे नसतं, मग उत्तर आणखी दुबळं येतं.

आणि नाणं मुळात खाली जातं कसं? कोणी पुरलेलं नसतं. त्याचं उत्तर चार्ल्स डार्विनकडे आहे, आणि तेही १८८१ मधलंच. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने गांडुळांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, घराजवळच्या एका कुरणावर त्याने १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि वाट पाहिली. १८७१ च्या नोव्हेंबरअखेर, २९ वर्षांनी, तिथे चर खणला. पांढऱ्या तुकड्यांची रेघ सात इंच खाली सापडली, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर. वर्षाला सरासरी सहा मिलिमीटर. गांडुळं खालची माती खाऊन वर आणून टाकतात, खालची बिळं हळूहळू खचतात आणि वर पडलेली वस्तू माती न उकरताच मातीखाली जाते. प्रयोगाचा निकाल पाहायला २९ वर्षं थांबणाऱ्या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात. पुराणवस्तू अभ्यासणाऱ्यांनी गांडुळांचे आभार मानावेत, असंही त्याने लिहून ठेवलं आहे.

त्या सात इंचांपाशीच आजचं यंत्र थकतं, हे लक्षात घ्या. पण खोलीवरून वय सांगायला जाऊ नये. दगडगोट्यांचा थर लागला की नाणं तिथेच अडतं, भराव टाकलेल्या बागेत नवं नाणं खोल निघतं. अमेरिकेच्या उत्तर भागात तर हिमयुगातल्या बर्फाने स्थानिक गांडुळं संपवली होती, आज तिथल्या बागांत काम करतात ती बहुतेक युरोपीय वसाहतींबरोबर आलेली.

आपल्या काळ्या मातीत यंत्राला आणखी एक अडचण येते. दख्खनच्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. तो झिजून झालेल्या मातीत ते उतरतं. कोकणातला जांभाही लोहाने भरलेला. अशी जमीन स्वतःच यंत्राला उत्तर देत राहते. म्हणून यंत्रात मातीचा आवाज ओळखून तो वजा करण्याची सोय करावी लागते, आणि ती करूनही खोलवरचं लहान नाणं हरवून जाऊ शकतं.

आवाज आल्यावर जे घडतं त्याबद्दल मला जास्त कळकळ आहे. बागेत खणणारा जाणता माणूस हिरवळ तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटतो, माती कापडावर काढतो, नाणं घेऊन सगळं परत भरतो आणि दाबतो. गवताची मुळं एका बाजूला जोडलेली राहतात, म्हणून ते जगतं. पण मातीचे थर परत लावता येत नाहीत. वस्तू कशाशेजारी होती, कोणत्या थरात होती, हे एकदाच वाचता येतं. म्हणून नियम आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर वापरायला बंदी आहे आणि १९७९ च्या कायद्याने संघराज्याच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांना संरक्षण दिलं. शहरांचे नियम वेगवेगळे. न्यूयॉर्कमध्ये बागांसाठी परवाना लागतो.

भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, जागा आणि तारखेसह. संरक्षित गडकिल्ल्यांवर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. गडावर यंत्र घेऊन शिवराई शोधायला जाणाऱ्याला मी हेच सांगेन, की ते नाणं खिशात आलं की फक्त तांबं उरतं.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचा साठा आठवा. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची सव्वातेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली होती. नहपानाचा पराभव केल्यावर सातवाहन राजाने त्याचंच चलन आपलं करून घेतलं, हे त्या ढिगाने सांगितलं. ती नाणी एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती तर हे प्रमाण कोणाला कळलं असतं?

इंग्लंडमधल्या सफक परगण्यात हॉक्सन गावी १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज नावाचा माणूस शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होता. यंत्र वाजलं आणि मातीतून रोमन नाणी आणि चांदीचे चमचे यायला लागले. थोडं काढल्यावर तो थांबला. बाकीचं तसंच ठेवून त्याने अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. सगळं एका लाकडी पेटीत नीट रचून ठेवलेलं होतं. लाकूड कुजून गेलं होतं, पण बिजागऱ्या आणि वस्तूंची मांडणी जागच्या जागी असल्यामुळे पेटीचा आकार आणि आतले कप्पे ओळखता आले. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. त्यातली सर्वांत नवी नाणी पाचव्या शतकाच्या पहिल्या दशकातली, त्यामुळे रोमन सत्ता ब्रिटनमधून जाण्याच्या सुमारास कुणीतरी ती पेटी पुरली असं सांगता येतं. लॉजला साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं.

तो हातोडाही त्याच शेतात सापडला. आज तो ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात, पेटीतल्या सोन्याचांदीच्या सोबतीला आहे.